एका पूर्वजाचा माग: पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

वंशावळ करायला बसलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की घराणे तूर्त बाजूला ठेवा आणि एक माणूस घ्या. सगळ्या शाखा एकदम धरल्या की महिनाभरात वहीत दोनशे नावे जमतात आणि त्यातल्या एकाचाही जन्म कुठे झाला, पोट कशावर भरले, मृत्यू कधी झाला हे सांगता येत नाही. एका माणसाचा जन्म ते मृत्यू माग काढला, की त्याचे आईवडील, भावंडे, बायको, मुले त्याच कागदांतून पुढे येतात.

निवड करताना घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीने ज्यांना लहानपणी पाहिले असेल, त्यांच्या वडिलांना किंवा आईला घ्यावे. बहुतेक घरांत हा माणूस १८७० ते १९१० च्या दरम्यान जन्मलेला निघतो. हा काळ सोयीचा आहे. शाळांची रजिस्टरे, जमिनीची हक्कनोंद, खरेदीखतांची नोंदणी, नगरपालिकेचे दप्तर हे सगळे त्या पिढीच्या हयातीत रुळले. त्याहून मागे एकदम उडी मारली तर मोडी आणि पेशवे दफ्तर समोर येते, आणि हातात धागा नसेल तर तिथे काहीही सापडत नाही.

आपले जुने कागद नावाने लावलेले नसतात, जागेने लावलेले असतात. तालुका, त्याखाली गाव, त्याखाली सर्व्हे नंबर. शहरात पेठ आणि घर नंबर. तीर्थक्षेत्रीच्या वह्यासुद्धा गावाने लावलेल्या. कार्यालयात जाऊन "माझ्या पणजोबांचे काही आहे का?" असे विचारले तर समोरचा कारकून काही करू शकत नाही. "मौजे अमुक, तालुका पुरंदर, सर्व्हे नंबर अमुक, १९३० च्या आधीचे फेरफार" असा अर्ज दिला तर दप्तर निघते. म्हणून शोधाचा पहिला टप्पा म्हणजे जागा पक्की करणे.

आधी घर

वयस्कर मंडळींना "आपला इतिहास सांगा" असे म्हणू नका, छोटे प्रश्न विचारा. तात्यांचे पाळण्यातले नाव काय होते? त्यांना गावाकडून कोण भेटायला यायचे? पितर कोणत्या तिथीला घालता? मुलींना कुठे दिले? घरात माणूस तात्या, अण्णा, बापू या नावानेच ओळखला जातो आणि कागदावर ते नाव कधीच नसते. कागदावरचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही मिळेपर्यंत घराबाहेर पडू नये.

जुनी माणसे सन सांगत नाहीत, प्रसंग सांगतात, आणि ते प्रसंग भरवशाचे असतात. "प्लेगमध्ये आई गेली" म्हणजे पुण्यात बहुधा १८९७ किंवा त्यानंतरची काही वर्षे, कारण प्लेग पुढेही अनेकदा उलटला. "मानमोडीच्या साथीत" म्हणजे १९१८. "गांधीवधानंतर गाव सोडले" म्हणजे १९४८. "कूळकायद्यात जमीन गेली" किंवा "कूळकायद्याने जमीन आली" म्हणजे १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कुळे जमिनीची मालक ठरली तो दिवस), त्यापुढची काही वर्षे. "कागद पानशेतात गेले" म्हणजे १२ जुलै १९६१. नदीकाठच्या पेठांमधल्या कितीतरी घरांत हे शेवटचे वाक्य ऐकू येते. त्यावर थांबू नका. घरातली प्रत वाहून गेली असेल, पण नोंदणी कार्यालयातली, शाळेतली, तहसीलमधली प्रत वेगळी असते.

श्राद्धाची तिथी हा सर्वांत दुर्लक्षित पुरावा. मृत्यूचे वर्ष सगळे विसरतात, तिथी मात्र वर्षानुवर्षे पाळली जाते. "मार्गशीर्ष वद्य पंचमी" एवढेच माहीत असेल आणि वर्ष दुसऱ्या कागदावरून कळले, तर त्या वर्षाच्या पंचांगावरून तारीख काढता येते. एक दक्षता घ्यावी: काही घरांत तिथी माहीत नसली की सर्वपित्री अमावास्येला पितर घालतात, त्यामुळे अमावास्या सांगितली तर ती मृत्यूचीच तिथी का, हे विचारावे. ज्या घरांत संकल्प सांगून श्राद्ध होते तिथे वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडच्या तीन पिढ्याही नावानिशी उच्चारल्या जातात. घरच्या गुरुजींकडे ही यादी बहुतेक वेळा लिहिलेली असते. पणजीचे सासरचे नाव दुसरीकडे कुठेच न मिळता इथे मिळते.

जन्मपत्रिका सापडली तर तिचा पहिला परिच्छेद नीट वाचा. शक, संवत्सराचे नाव, महिना, तिथी, वार आणि बऱ्याचदा वडिलांचे नाव तिथे असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष ते फाल्गुनातली तिथी जानेवारीनंतर पडत असेल तर ७९ मिळवावे. शकाचा आकडा फाटला असेल आणि संवत्सराचे नाव शिल्लक असेल तरी काम होते, कारण संवत्सरे साठ वर्षांनी फिरून येतात. "हेमलंबीनाम संवत्सरे" म्हणजे शके १८१९, इसवी सन १८९७-९८. त्याआधीचे इसवी सन १८३७ आणि नंतरचे १९५७. तिन्हीपैकी कोणते, हे माणसाच्या पिढीवरून सहज ठरते.

आणखी एक फाईल आठवणीने मागा. भाऊबंदांपैकी कोणी जातपडताळणी केली असेल तर त्याच्याकडे निम्मे काम झालेले असते. इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे लागतात. त्यामुळे अशा फाईलमध्ये प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ, आजोबा-चुलत आजोबांच्या शाळेचे उतारे, कधी कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल असते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींच्या शोधासाठी गावोगावची जुनी दप्तरे तपासली गेली, मोडी नोंदी वाचल्या गेल्या आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्या गावनिहाय टाकल्या गेल्या. तुमचा प्रश्न जातीच्या दाखल्याचा नसला तरी आपले गाव त्यात जरूर पाहा.

जागा पक्की करणे

पुण्यातला जुना पत्ता आटोपशीर असे: घर नंबर आणि पेठ. जुन्या पोस्टकार्डावर, लग्नपत्रिकेवर, विम्याच्या कागदावर तो सापडतो, आणि त्यावरून नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालयातली मिळकत पत्रिका, म्हणजे शहरातल्या घर-जागेचा उतारा, शोधता येते. मात्र नगरपालिकेचा घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर एकच असेल असे धरून चालू नये. पेठांची नावेही बदलली आहेत. जुन्या कागदात वेताळ पेठ दिसली तर ती आजची गुरुवार पेठ, शिवपुरी म्हणजे रास्ता पेठ, हनुमान पेठ म्हणजे नाना पेठ. मौजे भांबुर्डे म्हणजे शिवाजीनगर. एरंडवणे, पर्वती, कोथरूड, हडपसर ही सगळी गावे होती आणि त्यांचे जुने दप्तर हवेली तालुक्यातल्या गावांसारखेच आहे. पूर्वज लष्कर भागात राहिला असेल तर पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचे दप्तर महापालिकेपासून वेगळे.

मूळ गाव ग्रामीण पुण्यातले असेल तर ते १९४८ पूर्वी कोणाच्या ताब्यात होते ते पाहा. भोर हे संस्थान होते, त्याची कागदपत्रे ब्रिटिश जिल्ह्याच्या धाटणीची नव्हती. मुळशीचा भाग पूर्वी हवेलीत मोडत असे. गाव धरणाखाली गेले असेल, मग ते मुळशी असो, भाटघर, पानशेत किंवा उजनी, तर नकाशावर गाव नाही म्हणून निराश होऊ नका. भूसंपादनाच्या निवाड्यात प्रत्येक खातेदाराचे नाव, क्षेत्र आणि मोबदला लिहावा लागतो. बुडालेल्या गावातला शेतकरी कागदावर नेहमीपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो.

शाळेचे जनरल रजिस्टर

पूर्वज शाळेत गेला असेल, चौथीपर्यंत का होईना, तर त्याच्या नावाची एक ओळ कुठेतरी आहे. जनरल रजिस्टरात अनुक्रमांक, पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल केल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने असतात. जन्मस्थळ आणि आधीची शाळा हे दोन रकाने सोन्यासारखे. पुण्यातल्या शाळेत "आधीची शाळा" म्हणून एखाद्या खेड्याचे नाव दिसले, की मूळ गावाचा प्रश्न सुटतो. सोडण्याच्या कारणात "मुंबईस गेला", "फी न दिल्याने नाव कमी" असे काहीही असू शकते, आणि त्या दोन-तीन शब्दांत एखाद्या घराची पूर्ण अवस्था कळते.

जन्मतारखेवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एक जून ही तारीख दिसली तर ती बहुधा मास्तरांनी घातलेली. शाळा जूनमध्ये भरत, पालकांना तारीख ठाऊक नसे, मुलाचे वय अंदाजाने धरून एक जून लिहिले जाई. वर्षातही एक-दोन वर्षांचा फरक असतो.

पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल १८८० पासून, नूतन मराठी विद्यालय १८८३ पासून, मुलींसाठी हुजूरपागा १८८४ पासून आहे. संस्थेला भेटताना मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज, आपले ओळखपत्र, पूर्वजाशी नाते दाखवणारा एखादा कागद आणि अंदाजे पाच वर्षांची मुदत द्या. "१९०८ ते १९१३ दरम्यान दाखल" असे लिहिले तर कोणी शोधून देईल. "फार पूर्वी" असे लिहिले तर अर्ज तसाच पडून राहील. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा झालेला माणूस पुढे मास्तर किंवा तलाठी झाला असण्याची शक्यता मोठी. सरकारी नोकरी निघाली तर सेवापुस्तक आणि निवृत्तिवेतनाचे कागद शोधावेत. पदवीधर असेल तर मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत पदवीधरांच्या याद्या छापलेल्या आहेत. पुणे विद्यापीठ १९४९ चे, त्याआधीचा फर्ग्युसनचा विद्यार्थीही मुंबईच्याच यादीत मिळेल.

जमिनीचे कागद

शोधाचा कणा हाच. घराकडे आज जमीन नसली तरी पूर्वी कोणाच्या तरी नावावर थोडीफार असण्याची शक्यता असते, आणि कूळ म्हणून कसत असतील तरी नाव लागलेले असते.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून. त्यावर खातेदारांच्या नावांजवळ फेरफारांचे क्रमांक असतात. प्रत्येक क्रमांक म्हणजे गाव नमुना ६ मधली एक नोंद: वारस, खरेदी, वाटणी, गहाण, बक्षीस. शेवटच्या फेरफारापासून मागे यायचे. आजोबांच्या नावाची वारसनोंद मिळाली की तिच्यात पणजोबांच्या मृत्यूचा उल्लेख असतो. पणजोबांचे नाव ज्या फेरफाराने लागले तो क्रमांक घेऊन आणखी मागे. वाटेत गट नंबर अडवतो. जमीन एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर मोडून गट पडले, म्हणून आजचा गट पूर्वीच्या कोणत्या सर्व्हे नंबरचा, हे कळल्याशिवाय मागे जाता येत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून एकत्रीकरणाचा "नऊ-तीन, नऊ-चार" उतारा घ्यावा. त्याआधीचे हस्तलिखित सातबारे, कडईपत्रक (सातबाऱ्याआधीचा जमिनीचा उतारा) आणि जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. बरेच कागद स्कॅन होऊन महाभूमी या सरकारी संकेतस्थळाच्या "आपले अभिलेख"वरही मिळतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, १९१३ मध्ये ती व्यवस्था जमीन महसूल कायद्यात आली, त्यामुळे बहुतेक गावांत फेरफारांची साखळी शतकभर तरी मागे जाते. त्याही मागे ब्रिटिश मोजणीचे कागद. ही मोजणी पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यात, १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केली.

जुना फेरफार कसा वाचायचा ते एका नमुन्यावर पाहू. समजा १९२३ च्या नोंदीत असे लिहिले आहे: "मयत गणू बिन रामा याचे वारस मुलगा सखाराम वय ९ अ.पा.क. आई काशीबाई कोम गणू." यात "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "वलद"चाही अर्थ तोच. "कोम" म्हणजे अमक्याची बायको. काही कागदांत त्याऐवजी "भ्रतार" लिहून पुढे नवऱ्याचे नाव देतात. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन वारसाला सांभाळणारा. या एका ओळीत तीन पिढ्या आहेत: रामा, गणू, सखाराम. सखारामचा जन्म १९१४ च्या आसपासचा. गणूचा मृत्यू १९२३ मध्ये किंवा त्याच्या थोडा आधी. काशीबाई तेव्हा हयात होती आणि नऊ वर्षांच्या पोराची जमीन तिच्या नावाने सांभाळली जात होती. आता फेरफारावरची नोंदीची तारीख आणि मृत्यूची तारीख वेगळ्या आहेत का ते पाहा. वारसनोंद मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी होत असे, त्यामुळे नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नये. खाली "ए.कु.क." असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता, म्हणजे त्याच्यामागे नावे न लागलेले भाऊ असणार. तेव्हा त्या गावातली वाटणीची नोंद शोधावी.

घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्णी किंवा महारकीचे वतन असेल, किंवा इनाम असेल, तर वंशावळ सरकारनेच लिहून ठेवलेली असण्याची शक्यता आहे. वतनाचा वारस ठरवायला ती लागत असे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन चौकशीला बसले, तेव्हा इनामदारांना आपला हक्क कुठून आला याची कैफियत आणि वंशावळ द्यावी लागली. या वंशावळी हक्क सिद्ध करण्यासाठी दिलेल्या होत्या हे ध्यानात ठेवून वाचाव्यात. भांडणातल्या दुसऱ्या बाजूने दिलेली वंशावळही त्याच प्रकरणात असेल तर दोन्ही शेजारी ठेवाव्यात.

खरेदीखत, कोर्ट, जन्म-मृत्यू

शहरातल्या घरासाठी मिळकत पत्रिका आणि चौकशी नोंदवही पाहा, मग उपनिबंधक कार्यालयातली सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी. त्यावरून दस्त क्रमांक मिळतो आणि दस्ताची नक्कल मागता येते. जुन्या खरेदीखतात "लिहून घेणार" आणि "लिहून देणार" यांचे वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण असते, चतु:सीमेत शेजाऱ्यांची नावे असतात, आणि घर विकणाऱ्याला ते कसे मिळाले याची हकीकतही असते. ही हकीकत शब्दन् शब्द उतरवून घ्या. दत्तकपत्र, मृत्युपत्र आणि वाटणीपत्र याच दप्तरात. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिलेले वारस दाखले आणि भाऊबंदांचे वाटपाचे दावे जिल्हा न्यायालयाच्या अभिलेखात मिळू शकतात. दाव्यात बऱ्याचदा वंशवृक्ष जोडलेला असतो.

जन्म-मृत्यूची नोंद शहरात महापालिकेकडे, गावात पूर्वी पाटील-कोतवालाकडे (गाव नमुना १४) आणि आता ग्रामपंचायतीकडे. जुन्या जन्मनोंदीत मुलाचे नाव बहुधा नसते, बापाचे नाव आणि "मुलगा" किंवा "मुलगी" एवढेच असते, म्हणून बापाच्या नावाने शोधावे. जनगणना पाहण्यात वेळ घालवू नका, तिच्यात घरोघरची नावे आपल्याला मिळत नाहीत. ख्रिस्ती घरांनी चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाची रजिस्टरे पाहावीत, मुस्लिम घरांनी काझींकडची निकाहाची दप्तरे. ही अनेकदा सरकारी नोंदींपेक्षा सलग असतात. लष्करात गेलेला पूर्वज युद्धात कामी आला असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते, खडकीचे युद्धस्मारकही त्यांच्याच देखरेखीखाली आहे.

वह्या आणि हेळवी

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया. हिंदू घरातला पूर्वज यांपैकी कुठेतरी अस्थी घेऊन किंवा यात्रेला बहुधा गेलेला असतो. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या माणसाने आपले, वडिलांचे, भावांचे, मुलांचे नाव लिहून सही केलेली असते, लिहिता येत नसेल तर उपाध्यायांनी लिहिलेले असते. जाताना जात, आडनाव आणि मूळ गाव पक्के असू द्या. पुण्यात स्थायिक झालो म्हणून "पुणे" सांगितले तर वही निघणार नाही, पणजोबांच्या वेळी घराणे ज्या गावचे म्हणून ओळखले जात होते ते गाव सांगावे लागते. आपल्या गावची वही कोणत्या घराकडे आहे हे क्षेत्री विचारले की कळते. पानाचे छायाचित्र घेण्याआधी परवानगी घ्या, दक्षिणा द्या, आणि आजच्या पिढीची नावे, मुलींसकट, लिहून या. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडची मुळे असतील तर गावात हेळवी येतात का ते विचारा. पिढ्यान् पिढ्या घराण्यांच्या वंशावळी सांगणारे आणि लिहून ठेवणारे हे लोक ठरलेल्या घरांनाच भेट देतात.

१८१८ च्या मागे

इथे मोडी लागते. ती शिकायला कठीण नाही. पुण्यात तिचे वर्ग चालतात, आणि रोज थोडा सराव केला तर छापील नमुने काही आठवड्यांत वाचता येतात. हस्तलिखिताला मात्र वेळ द्यावा लागतो, कारण शब्द सुटे लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते. जाणकाराकडून वाचून घेणार असाल तरी आपल्या गावाचे आणि आडनावाचे मोडीतले रूप ओळखता यायलाच हवे.

कौन्सिल हॉलच्या परिसरातल्या पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, कापडात बांधलेले हजारो रुमाल. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड छापले. आधी त्यांच्या सूचीत गाव आणि आडनाव पाहून मगच मूळ रुमालांकडे वळा. सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून घराण्यांची दप्तरे जमवते आहे. दोन्हीकडे अर्ज, ओळखपत्र आणि नेमका विषय लागतो. या कागदांत तोच माणूस दिसतो ज्याचा सरकारशी पैशाचा, जमिनीचा, नोकरीचा किंवा तंट्याचा संबंध आला. साध्या कुणब्याचे नाव क्वचितच येईल. त्याच्या गावाचा वसूल, पाटील, दुष्काळ, तगाई (शेतीसाठी दिलेले सरकारी कर्ज) यांचे कागद मात्र येतील, आणि त्याच्या जगण्याबद्दल तेही पुष्कळ सांगतात.

तारखा बहुधा सुहूर सनात. आकडे अरबी शब्दांत, एकक आधी: "समान सबैन मया व अलफ" म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, सन ११७८. त्यात ५९९ मिळवले की १७७७. हे वर्ष मृगाला सुरू होते, त्यामुळे जानेवारी ते मे मधल्या तारखेला ६०० मिळवावे लागतात. दिवसासाठी "छ" लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्यातली तारीख, दिलेली असते.

छापलेले

अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) आणि पुणे मराठी ग्रंथालय (१९११) इथे चौकशी करा. कुलवृत्तांतातली माहिती घराघरांतून पत्राने मागवलेली असते, तेव्हा तिला पुरावा न मानता दिशा समजावे. ज्या शाखेने पत्राला उत्तर दिले नाही ती शाखा त्यात "निर्वंश" वाटू शकते. केसरी (१८८१ पासून), ज्ञानप्रकाश (१८४९ ते १९५१) आणि सकाळ (१९३२ पासून) यांच्या जुन्या अंकांत मृत्यूच्या बातम्या, नोटिसा, परीक्षांचे निकाल येत. तारीख जवळपास ठाऊक असेल तरच हे चाळावे.

पणजी शोधताना

तिचे नाव लग्नात बदलले, माहेरचे आडनाव कोणी लिहिले नाही, वंशावळीत तिच्या जागी "पत्नी" एवढेच. तरी ती सापडते. फेरफारात पालनकर्ती आई म्हणून, खरेदीखतात विधवा म्हणून, मुलाच्या श्राद्धसंकल्पात नावानिशी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या वारसनोंदींत मुलीही येतात, त्यांच्या सासरच्या आडनावांसह, आणि तिथून पणजीच्या लेकींच्या घरांपर्यंत पोचता येते. माहेरचा धागा हवा असेल तर तिच्या भावाच्या गावचे फेरफार पाहावेत. ती तरुणपणी विधवा झाली असेल आणि घरात "ती शिकली होती" असे बोलले जात असेल, तर कर्व्यांची हिंगण्याची संस्था (१८९६), सेवासदन (१९०९) आणि पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, जे पुण्यात १८९० मध्ये आले आणि पुढे केडगावला गेले, यांच्याकडे चौकशी करावी. आपल्या वंशावळीत तिला पूर्ण नावाने, माहेरच्या आडनावासह लिहा. मुलींच्या शाखा गाळू नका.

हाच तो माणूस का?

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे एका घराण्यात रामचंद्र गणेश, गणेश रामचंद्र, पुन्हा रामचंद्र गणेश अशी नावे फिरत राहतात. एकाच गावात त्याच आडनावाचे दोन समकालीन रामचंद्र गणेशही असू शकतात. म्हणून नुसत्या नावावर माणूस ठरवू नये. नाव, वडिलांचे नाव आणि जागा ही तिन्ही, वेगवेगळ्या कामासाठी तयार झालेल्या किमान दोन कागदांत जुळली पाहिजेत. शाळेचे रजिस्टर आणि फेरफार जुळले तर चांगले. फेरफार आणि त्याच फेरफारावरून काढलेला सातबारा हे दोन पुरावे नव्हेत, ती एकाच नोंदीची दोन रूपे आहेत. वय जुळत नसेल तर थांबा: बाप आणि लेक यांच्या वयात बारा वर्षांचे अंतर निघत असेल तर मधली एक पिढी गळली आहे किंवा मूल दत्तक आहे. दत्तक निघाला तर जन्मदात्या आणि दत्तक अशा दोन्ही घरांच्या वंशावळी लिहाव्यात.

घरात कधी न बोललेल्या गोष्टीही निघतील. दुसरी बायको, कर्जात गेलेले घर, तुरुंगवास. ज्यांची मुले हयात आहेत त्यांच्याशी आधी बोला, मगच ते चारचौघांत आणा.

प्रत्येक कागदासाठी वहीत पाच गोष्टी लिहा: कुठे पाहिला, बाडाचा किंवा रुमालाचा क्रमांक, पान, कागदाची तारीख, आपण पाहिल्याची तारीख. ऐकीव माहितीसमोर सांगणाऱ्याचे नाव. वंशवृक्ष संगणकावर काढायचा तर ग्रॅम्प्स हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. त्याबरोबर त्या एका माणसाचा वर्षवार तक्ता कागदावर करा, जन्मापासून मृत्यूपर्यंत वर्षाला एक ओळ. कागद मिळालेली वर्षे भरा. ज्या वर्षांसमोर काही नाही, तिथे त्या काळात तो कुठे राहत असावा ते पेन्सिलीने लिहा आणि त्या जागेचे दप्तर कोणत्या कार्यालयात आहे तेही शेजारी. तक्त्याची एक प्रत गावाकडच्या भाऊबंदांना पाठवा. जुने फेरफार, वाटणीपत्र किंवा देवघरातली पत्रिका बहुधा धाकट्या शाखेच्या घरात राहिलेली असते, आणि तुमचा तक्ता पाहिल्यावरच त्यांना ती आठवते.